विषारी वनस्पतींवरील फुलपाखरांच्या अळ्या : संशोधनाचा इतिहास

विषारी वनस्पतींवरील अळ्या : गुरे व बहुतेक कीटक ज्या वनस्पतींना तोंड लावीत नाहीत अशाच वनस्पतींच्या पानांवर वाढणाऱ्या आणि काही जातींत त्या वनस्पतींतील विष शरीरात साठवून ठेवणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या. महाराष्ट्रात अशा अळ्या पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई गावाबाहेरच्या पडीक जमिनीत कोठेही उगवते व तिच्या चिकामुळे शेळ्याही तिच्या वाटेस सहसा जात नाहीत. या रुईच्या पानांवर पांढरे-काळे पट्टे, पिवळे ठिपके व पाठीवर मऊ काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली जी अळी उघड्यावर निर्धास्तपणे चरताना दिसते ती प्लेन टायगर (डॅनॉस क्रिसिपस) या तांबूस-नारिंगी फुलपाखराची होय. बागेतील कण्हेरीवर कॉमन क्रो (यूप्लिया कोअर) या काळपट तपकिरी फुलपाखराची अळी वाढते, तर सापसंद अथवा ईश्वरी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वेलीवर कॉमन रोझ व क्रिमझन रोझ या फुलपाखरांच्या अळ्या असतात. रुई व कण्हेर यांत हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे (कार्डेनोलाइडे) असतात. सापसंदीत अ‍ॅरिस्टोलोकिक अम्ल असते.

अळी विषारी पान खाते, त्या विषाची तिला बाधा होत नाही, ते विष ती साठविते आणि साठविलेल्या विषामुळे तिचे वा तिच्यापासून होणाऱ्या फुलपाखराचे भक्षकांपासून रक्षण होते, ही चार वेगवेगळी विधाने आहेत. त्यांपैकी पहिले खरे ठरले म्हणून उरलेली तीन आपोआप खरी ठरत नाहीत. तथापि सुमारे शंभर वर्षे या चारही विधानांची सरमिसळ होत राहिली. ती कशी झाली व प्रयोगांनी ती कशी उलगडत गेली, हाच या विषयाचा इतिहास होय.

प्लेन टायगर मानवाच्या नजरेत फार पूर्वीपासून आहे. ईजिप्तमधील थीब्झ येथील नेबामून याच्या थडग्यातील इ. स. पू. सु. १३५० च्या भित्तिचित्रात (सध्या ब्रिटिश म्यूझीयममध्ये) पाणथळीतील पक्ष्यांबरोबर हे फुलपाखरू ओळखू येण्याइतक्या अचूकपणे रंगविलेले आहे. परंतु अळी आणि तिची खाद्य वनस्पती यांचा संबंध पद्धतशीरपणे नोंदविण्यास सतराव्या शतकात प्रारंभ झाला. जर्मनीत जन्मलेल्या चित्रकर्त्री व कीटकनिरीक्षक मारिया सिबिला मेरियन (१६४७–१७१७) यांनी अळ्या स्वतः पाळून त्यांची चित्रे त्यांच्या खाद्य वनस्पतींसह काढली. १६९९–१७०१ या काळात दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे केलेल्या निरीक्षणांवरील त्यांचा ग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमुक अळी अमुक झाडावरच का, हा प्रश्न मात्र पुढे दीड शतक कोणी गंभीरपणे विचारला नाही.

हा प्रश्न पुढे आला तो अळ्यांच्या नव्हे, तर फुलपाखरांच्या अभ्यासातून. इंग्रज निसर्गवैज्ञानिक हेन्री वॉल्टर बेट्स (१८२५–९२) हे ॲल्फ्रेड रसेल वॉलिस (१८२३–१९१३) यांच्याबरोबर १८४८ मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यात गेले व तेथे अकरा वर्षे राहिले. दाट जंगलात संथपणे उडणारी, भडक रंगांची व विपुल संख्येने आढळणारी काही फुलपाखरे पक्षी पकडीत नाहीत, असे त्यांना दिसून आले. त्यांच्याच थव्यांत मिसळून उडणारी, परंतु कोबीवरील पांढऱ्या फुलपाखरांच्या कुलातील असलेली काही विरळ फुलपाखरे रंगाने व उडण्याच्या ढबीने त्यांच्याशी इतकी जुळत की, स्वतः बेट्सही पुष्कळदा फसत. पहिली फुलपाखरे बेचव असावीत व दुसरी त्यांची नक्कल करून संरक्षण मिळवीत असावीत, असे प्रतिपादन त्यांनी १८६१ मध्ये लंडनच्या लिनीअन सोसायटीपुढे केले. हा निबंध १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताला एवढे ठळक उदाहरण तोपर्यंत मिळालेले नव्हते आणि चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. या प्रकाराला पुढे ‘बेट्सीय अनुकृती’ हे नाव पडले. परंतु ‘बेचव’पणाचा पुरावा बेट्स यांच्याजवळ अप्रत्यक्षच होता आणि तो कोठून येतो याविषयी त्यांनी काही सिद्ध केले नव्हते.

अळ्यांचा प्रश्न डार्विन यांनी १८६७ च्या फेब्रुवारीत उपस्थित केला. प्राण्यांतील भडक रंगांचा उलगडा ते लैंगिक निवडीच्या साहाय्याने करू पाहत होते. परंतु अळीला जोडीदार शोधावयाचा नसतो, मग काही अळ्या इतक्या झगझगीत का असतात, हे त्यांना कळेना. बेट्स यांनी दक्षिण अमेरिकेच्या मोकळ्या माळावर पाहिलेली एक पतंगाची अळी सु. दहा सेंमी. लांब, काळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्यांची आणि डोके, पाय व शेपूट लाल असलेली होती. मोठ्या हिरव्या पानांवर ती कित्येक मीटरांवरून नजरेत भरे. बेट्स यांनी हा प्रश्न वॉलिस यांना विचारावा असे सुचविले आणि वॉलिस यांनी जवळजवळ लगेच उत्तर दिले. अळीची त्वचा इतकी नाजूक असते की, पक्ष्याने एकदा चोच मारली तरी ती सहसा वाचत नाही. तेव्हा बेचव अळीचा बेचवपणा तिला खाल्ल्यावर कळून उपयोग नाही, तो दुरूनच कळला पाहिजे. भडक रंग ही जणू दवंडी होय, असा त्यांच्या तर्काचा आशय होता. वॉलिस यांनी हा तर्क त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनच्या एंटॉमॉलॉजिकल सोसायटीपुढे मांडला व तो पडताळून पाहण्याचे आवाहन वृत्तपत्रातूनही केले.

या आवाहनाला प्रतिसाद देणारे जॉन जेनर वेअर (१८२२–९४) हे काही व्यावसायिक जीववैज्ञानिक नव्हते. त्यांच्या घरी पाळीव पक्ष्यांचा मोठा पिंजरा होता एवढेच. हिरव्या व तपकिरी रंगांच्या, पानाफांद्यांत मिसळून जाणाऱ्या गुळगुळीत अळ्या त्यांच्या पक्ष्यांनी तत्काळ खाल्ल्या, तर भडक वा केसाळ अळ्या नाकारल्या. त्यांचे निष्कर्ष १८६९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास आर्थर बटलर यांना सरडे व बेडूक यांच्या बाबतीत असेच दिसून आले. मॅगपाय या पतंगाची ठिपकेदार अळी बेडकाने तोंडात घेऊन पुन्हा टाकून दिली. तर्क प्रथम आणि प्रयोग नंतर, अशा क्रमाने झालेली ही पडताळणी जीवविज्ञानाच्या त्या काळातील उत्तम उदाहरणांपैकी एक मानली पाहिजे.

बेचवपणा खाद्य वनस्पतीतून येत असावा ही कल्पना स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय फारसे प्रसिद्ध नसलेल्या एका लेखकाकडे जाते. जे. डब्ल्यू. स्लेटर यांनी १८७७ मध्ये, भडक रंगांच्या अळ्या विषारी अथवा उग्र गुणधर्मांच्या वनस्पतींवर आढळतात, याकडे लक्ष वेधले. त्यानंतर जर्मन कीटकवैज्ञानिक एरिक हाझ यांनी सापसंदीच्या कुलातील वेलींवर वाढणाऱ्या पुच्छधारी फुलपाखरांना ‘औषध वा विष खाणारी’ या अर्थाचे ‘फार्मॅकोफॅगस’ हे नावच दिले. दरम्यान ब्राझीलमध्ये स्थायिक झालेले फ्रिट्झ म्यूलर (१८२२–९७) यांनी १८७९ मध्ये वेगळाच मुद्दा पुढे आणला. दोन बेचव जाती एकमेकींसारख्या का दिसाव्यात, हे बेट्स यांच्या उपपत्तीने कळत नव्हते. पक्षी अनुभवाने शिकत असल्यामुळे शिकविण्यात काही फुलपाखरांचा बळी जातोच. दोन जातींचे रूप एकच असेल तर हा बळी दोघींत विभागला जातो, असे म्यूलर यांनी साध्या गणिताने दाखविले. ‘म्यूलरीय अनुकृती’ ती हीच. इंग्लंडमध्ये एडवर्ड पोल्टन (१८५६–१९४३) यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात इशारादर्शक रंगांना शास्त्रीय संज्ञा दिली व हा सर्व विषय एका चौकटीत बसविला.

भारतातील कार्य : खाद्य वनस्पतींच्या नोंदींच्या बाबतीत मुंबई इलाख्यातील हौशी निरीक्षकांचे कार्य मोलाचे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली; तिच्या संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (१८५१–१९०९) यांचा जन्म साताऱ्याचा व नोकरी जकात व मीठ खात्यातली. जे. डेव्हिडसन व एटकेन यांनी मुंबई इलाख्यातील फुलपाखरांच्या अळ्या व कोश यांविषयीची टिपणे १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे कारवार येथील वनाधिकारी टी. आर. बेल (१८६३–१९४८) हेही त्यांना येऊन मिळाले. बेल यांची भारतातील मैदानी प्रदेशांतील सामान्य फुलपाखरांवरील लेखमाला १९०९ पासून अनेक वर्षे चालू होती. कोणती अळी कोणत्या झाडावर, पानाच्या कोणत्या बाजूस, कोणत्या अवस्थेत असते याची इतकी बारीक माहिती त्या काळात फार थोड्या उष्ण कटिबंधीय प्रदेशांतून उपलब्ध होती. या नोंदींमागे कोणतीही उपपत्ती नव्हती, पण पुढील उपपत्तींना आधार म्हणून त्या वापरल्या गेल्या.

प्रयोगांच्या दृष्टीने कलकत्ता येथील इंडियन म्यूझीयममधील फ्रँक फिन (१८६८–१९३२) यांचे काम महत्त्वाचे आहे. त्यांचे निबंध १८९५–९७ या काळात एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात आले. त्यांनी सातभाई व इतर पक्षी, सरडे इत्यादींपुढे प्लेन टायगर व तिच्या गटातील फुलपाखरे, कॉमन रोझ, कॉमन जेझबेल वगैरे ठेवून पाहिली. पक्ष्यांना एरवी फुलपाखरे आवडतात. इशारादर्शक रंगांची फुलपाखरे पुष्कळांना नावडती असतात, मात्र ही नावड नेहमीच तीव्र नसते. अनुकृती करणाऱ्या जातींमुळे ते फसतात. आणि प्रत्येक पक्ष्याला हे ज्ञान जन्मतः नसून अनुभवाने मिळवावे लागते, असे त्यांचे निष्कर्ष होते. सरड्याने मात्र फारसा विधिनिषेध पाळला नाही. ‘बेचव’ ही संज्ञा खाणारा कोण यावर अवलंबून असते, हा यातील धडा पुढे बराच काळ दुर्लक्षित राहिला.

शंका व आक्षेप : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या उपपत्तींकडे अनेक जीववैज्ञानिक संशयाने पाहू लागले. अमेरिकेच्या कृषी खात्यातील डब्ल्यू. एल. मॅकॲटी यांनी सु. ८०,००० पक्ष्यांच्या जठरांतील अन्नाच्या विश्लेषणाच्या आधारे १९३२ मध्ये असे प्रतिपादन केले की, पक्षी उपलब्धतेच्या प्रमाणात सर्वच कीटक खातात व तथाकथित संरक्षक रंगांना अर्थ नाही. हा आक्षेप पूर्णपणे योग्य नव्हता, कारण जठरात काय सापडले यावरून पक्ष्याने काय टाळले हे कळत नाही. तरीपण त्याने एक उणीव उघड केली. फुलपाखराच्या अंगात विष असते, हे तोपर्यंत कोणीही रासायनिक रीत्या दाखविलेले नव्हते. कॅनडातील फ्रेड अर्कहार्ट यांनी तर मोनार्क (डॅनॉस प्लेक्सिपस) हे उत्तर अमेरिकेतील प्रसिद्ध फुलपाखरू स्वतः चाखून पाहिले व त्यात काही विशेष कडवटपणा नसल्याचे सांगितले. मोनार्कची अळी मिल्कवीड या चिकाळ वनस्पतींवर, म्हणजे आपल्या रुईच्या भाऊबंदांवर वाढते.

वनस्पतींच्या बाजूचा विचार वेगळ्या वाटेने पुढे सरकत होता. ॲम्स्टरडॅम येथील ई. फरशाफेल्ट यांनी १९१० मध्ये कोबीवरील पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांना एरवी न खाल्ल्या जाणाऱ्या पानांवर मोहरीच्या कुलातील तिखट द्रव्य (सिनिग्रीन) चोपडून दिले, तेव्हा त्या ती पाने खाऊ लागल्या. इतर कीटकांना दूर ठेवणारे द्रव्यच या अळ्यांना अन्नाची खूण ठरते, असा याचा अर्थ होता. जी. एस. फ्रेंकेल यांनी १९५९ मध्ये, वनस्पतींतील अशी द्रव्ये चयापचयातील टाकाऊ पदार्थ नसून मुख्यतः कीटकांविरुद्धची संरक्षणे होत, असे ठामपणे मांडले. त्यानंतर पॉल एर्लिक व पीटर रेव्हन यांनी १९६४ मध्ये फुलपाखरांची कुले व त्यांच्या खाद्य वनस्पतींची कुले यांची तुलना करून सहक्रमविकासाची कल्पना पुढे आणली. वनस्पतीत नवे विष निर्माण झाले की, ती शत्रूंपासून मुक्त होऊन फैलावते. कालांतराने एखाद्या कीटकसमूहात त्या विषाला तोंड देण्याची क्षमता येते व त्यालाही प्रतिस्पर्धी नसलेले अन्न मिळून त्याचा विस्तार होतो. या विवेचनाचा पाया अनेक देशांतील हौशी निरीक्षकांनी नोंदविलेल्या खाद्य वनस्पतींच्या याद्या हाच होता.

निर्णायक प्रयोग : विषाचा प्रत्यक्ष शोध १९६० नंतरच्या दशकात लागला व तो दोन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी. इंग्लंडमधील मिरियम रॉथ्सचाइल्ड (१९०८–२००५) यांनी विद्यापीठाचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. परंतु कीटकांविषयीच्या त्यांच्या व्यासंगामुळे कॉर्टिसोनावरील कार्याबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक मिळालेले रसायनशास्त्रज्ञ टाडेउश राइखश्टाइन (१८९७–१९९६) यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. जे. पार्सन्स यांनी १९६५ मध्ये मोनार्कच्या अंगात डिजिटॅलिसाप्रमाणे हृदयावर परिणाम करणारा पदार्थ असल्याचे दाखविले आणि १९६८ मध्ये या सर्वांनी मिळून त्या फुलपाखरातील कार्डेनोलाइडे वेगळी करून ओळखली. त्यांत कॅलोट्रोपीन व कॅलॅक्टीन ही होती. यांपैकी पहिल्याचे नाव रुईच्या ‘कॅलोट्रोपिस’ या प्रजातिनामावरून पडले आहे. त्याच वर्षी याच गटाने कॉमन रोझमध्ये अ‍ॅरिस्टोलोकिक अम्ल असल्याचे प्रसिद्ध केले. हाझ यांच्या नावाला अशा प्रकारे सुमारे पाऊणशे वर्षांनी रासायनिक आधार मिळाला.

अमेरिकेत जेन व्हॅन झँट ब्राउअर यांनी १९५८ मध्येच पिंजऱ्यातील पक्ष्यांवरील काटेकोर प्रयोगांनी, मोनार्कचा अनुभव घेतलेले पक्षी त्याच्यासारखे दिसणारे व्हाइसरॉय हे फुलपाखरू टाळतात, हे सिद्ध केले होते. त्यांचे पती लिंकन ब्राउअर (१९३१–२०१८) व त्यांनी मिळून पुढील प्रश्न हाती घेतला : फुलपाखराचे विष वनस्पतीचेच कशावरून? ते फुलपाखरू स्वतःच तयार करीत असेल तर? याचे उत्तर मिळण्यासाठी मिल्कवीडवाचून वाढविलेले मोनार्क हवे होते आणि त्या अळ्या तर दुसरे काहीच खात नाहीत. चिकाटीने निवड करीत करीत त्यांनी कोबीवर तग धरणाऱ्या अळ्यांचा एक वंश तयार केला. असे कोबीवर वाढलेले मोनार्क ब्लू जे या पक्ष्यांनी बिनदिक्कत खाल्ले व त्यांना काहीही झाले नाही. ‘अ‍ॅस्क्लेपियास क्युरासॅव्हिका’ या मिल्कवीडवर वाढलेले मोनार्क त्याच पक्ष्यांना दिले तेव्हा काही मिनिटांत ते पिसे फुलवून वांत्या करू लागले आणि त्यानंतर मोनार्क नुसते दिसले तरी तोंड फिरवू लागले. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने खाद्य वनस्पती, अळी, फुलपाखरू व पक्षी ही साखळी प्रथमच पूर्ण जोडली गेली. ही वनस्पती मूळची अमेरिकेची असली तरी आता महाराष्ट्रातही बागांतून व ओलसर जागी वाढलेली दिसते; लाल-पिवळ्या फुलांमुळे तिला ‘हळदीकुंकू’ म्हणतात. प्लेन टायगर तिच्यावरही अंडी घालते. हळदीकुंकू व रुईची एक जात यांवर वाढविलेल्या प्लेन टायगरमधील कार्डेनोलाइडांच्या साठ्याचा अभ्यास रॉथ्सचाइल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला.

वांती करणाऱ्या ब्लू जेचे छायाचित्र पाठ्यपुस्तकांतून जगभर गेले व त्याबरोबर ‘अळी विष खाते म्हणून फुलपाखरू विषारी’ हे सुटसुटीत सूत्रही गेले. प्रयोगकर्त्यांना मात्र त्याची मर्यादा प्रथमपासून ठाऊक होती. ब्राउअर व सहकारी यांनी १९६८ मध्येच दाखविले की, एकाच जातीची फुलपाखरे कोणत्या वनस्पतीवर वाढली यानुसार अत्यंत विषारीपासून पूर्णपणे निरुपद्रवीपर्यंत सर्व प्रकारची असू शकतात, कारण रुई कुलातील सर्वच वनस्पतींत कार्डेनोलाइडे सारखी नसतात. एकाच थव्यातील काही मोनार्क अशा रीतीने आपल्याच जातभाईंची नक्कल करीत असतात.

सूत्राला दुसरा धक्का कण्हेरीवरील कॉमन क्रोमुळे बसला. कण्हेरीचे विष जगप्रसिद्ध आहे, तेव्हा या फुलपाखराचे संरक्षण तीच करीत असणार, असे सहज वाटते. परंतु हे फुलपाखरू कार्डेनोलाइडे साठवीत नाही. ती खाऊन अळी जगते एवढेच. वाळलेल्या किंवा मोडलेल्या खुळखुळ्याच्या (क्रोटॅलॅरिया) व भुरुंडीच्या फांद्यांवर पावसाळ्यानंतर क्रो व टायगर गटांतील नर फुलपाखरांची गर्दी झालेली पुष्कळांनी पाहिली असेल. ही फुलपाखरे तेथे मध घेत नसून वनस्पतीतील पायरोलिझिडीन अल्कलॉइडे शोषीत असतात. त्यांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो (क्वीन या अमेरिकन फुलपाखरातील असे एक द्रव्य १९६९ मध्ये ओळखले गेले) आणि अल्कलॉइडांमुळे संरक्षणही मिळते. म्हणजे या गटातील संरक्षणाचा एक मोठा भाग अळीने नव्हे, तर प्रौढ कीटकाने मिळविलेला असतो. याहून वेगळे उदाहरण कृष्णकमळाच्या कुलातील वेलींवर वाढणाऱ्या हेलिकोनियस फुलपाखरांचे आहे. त्यांच्या वेलींत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. तथापि १९८० नंतरच्या संशोधनातून असे आढळले की, यांतील पुष्कळ जाती अशी द्रव्ये स्वतःच अमिनो अम्लांपासून बनवितात. व्हाइसरॉयचीही कथा बदलली. ते निरुपद्रवी अनुकारक नसून स्वतःच बेचव आहे, असे डी. बी. रिटलँड व लिंकन ब्राउअर यांनी १९९१ मध्ये सिद्ध केले व तीन दशके बेट्सीय अनुकृतीचे नमुनेदार उदाहरण म्हणून शिकविली गेलेली जोडी म्यूलरीय ठरली.

पक्षीही गप्प बसलेले नाहीत. मोनार्कच्या हिवाळी मुक्कामाच्या मेक्सिकोतील डोंगराळ जागा १९७५ मध्ये शास्त्रज्ञांना ठाऊक झाल्या. तेथे दोन जातींचे पक्षी मोनार्क मोठ्या संख्येने खातात, असे १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ओरिओल पक्षी बाह्यत्वचेत विष अधिक असल्यामुळे ती टाळून आतील मऊ भाग तेवढा खातो. ग्रोसबीक मात्र सर्व पचवितो.

विष पचविण्याची यंत्रणा : अळीला विषाची बाधा का होत नाही, हा प्रश्न सर्वांत शेवटी सुटला. काही भाग वर्तनाचा आहे. रुईसारख्या वनस्पतींचा चीक लहान अळीचे मुखावयव चिकटवून टाकतो व पुष्कळ अळ्या पहिल्या अवस्थेतच त्यात मरतात. मोठी अळी पानाची शीर किंवा देठ आधी कुरतडते, चीक गळून गेला की पुढचा भाग खाते. डी. डुसूर्ड व टी. आइस्नर यांनी १९८७ मध्ये हे वर्तन चिकाविरुद्धचे आहे, हे प्रयोगाने दाखविले. कोबीवरील पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्यांत मोहरीच्या द्रव्याचे विषारी तेलाऐवजी कमी अपायकारक नायट्राइलांत रूपांतर करणारे प्रथिन असते, असे २००४ मध्ये आढळले. कार्डेनोलाइडांच्या बाबतीत उत्तर वेगळे आहे. ही विषे प्राण्यांच्या पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप या एंझाइमाला चिकटून ते बंद पाडतात. मोनार्कच्या पंपात १२२ व्या स्थानी नेहमीच्या अ‍ॅस्परॅजिनाऐवजी हिस्टिडीन हे अमिनो अम्ल असल्याचे १९९२ मध्ये समजले. २०१२ मध्ये असे दिसून आले की, विषारी वनस्पती खाणारे भुंगेरे, ढेकूण, माश्या अशा परस्परांशी दूरचे नाते असलेल्या कीटकांतही याच एंझाइमाच्या त्याच त्या भागात बदल झालेले आहेत. अखेर २०१९ मध्ये जीनांत नेमके फेरफार करून मोनार्कच्या पंपातील तीन बदल फळमाशीत घातले गेले, तेव्हा ती माशी कार्डेनोलाइडांना दाद देईनाशी झाली. कॉमन क्रोचा पंप मात्र या विषाला संवेदनशीलच आहे, असे जी. पेट्शेंका व ए. ए. अगरवाल यांनी २०१५ मध्ये दाखविले. त्यांच्या मते पंपाचा प्रतिकार हा विष खाण्याशी नव्हे, तर ते साठविण्याशी निगडित आहे. मेक्सिकोतील ग्रोसबीकच्या पंपातही प्रतिकार देणारे बदल असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

सापसंद व कॉमन रोझ : सापसंदीच्या विषाचा इतिहास माणसाशी अधिक निकटचा आहे. या प्रजातीतील वनस्पती अनेक देशांच्या परंपरागत वैद्यकांत वापरल्या जात असत. भारतात सापसंदीचा उपयोग सर्पदंशावर करीत, हे तिच्या नावावरूनच दिसते. वजन कमी करण्यासाठी दिल्या गेलेल्या गोळ्यांत याच प्रजातीतील एक चिनी वनस्पती चुकून मिसळली गेल्यामुळे बेल्जियममधील अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे १९९३ मध्ये उघड झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅरिस्टोलोकिक अम्लाची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली आहे. कॉमन रोझची तांबूस-काळी, मांसल उंचवट्यांची अळी हेच अम्ल खाऊन वाढते व ते कोशातून फुलपाखरापर्यंत पोचविते.

कॉमन रोझ व क्रिमझन रोझ यांचा वेष घेणारे कॉमन मॉर्मन (पॅपिलिओ पॉलिटेस) हे भारतातील अनुकृतीचे सर्वांत अभ्यासलेले फुलपाखरू होय. त्याच्या माद्या तीन रूपांत आढळतात : एक नरासारखी, दुसरी (स्टिकियस) कॉमन रोझसारखी व तिसरी (रोमुलस) क्रिमझन रोझसारखी. ही सर्व रूपे एकाच जातीच्या माद्यांची आहेत, हे वॉलिस यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ओळखले. जे. सी. एफ. फ्रायर यांनी श्रीलंकेत पैदास करून १९१३ मध्ये त्यांच्या आनुवंशिकतेचे नियम मांडले. सिरिल क्लार्क व फिलिप शेपर्ड यांनी १९७२ मध्ये ते सुधारले. पुण्यात फुलपाखरांच्या अभ्यासास प्रारंभ केलेले कृष्णमेघ कुंटे व त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांनी २०१४ मध्ये असे दाखविले की, ही रूपे ‘डबलसेक्स’ या एकाच जीनाने नियंत्रित होतात; कीटकांत नर व मादी यांच्या शरीरांतील भेद घडविण्याचे काम हाच जीन करीत असतो. तिन्ही रूपांच्या माद्या आपली अंडी लिंबू, बेल व कढीलिंब यांच्या पानांवर घालतात. सापसंदीशी त्यांचा संबंध येत नाही.